टी-शर्टवर छापलंय एक, लोकांनी वाचलं भलतंच: कपड्यांवरच्या चिन्हांचे आणि वाक्यांचे न ठरवलेले अर्थ

२५ फेब्रुवारी २०२४. लाहोरचा इछरा बाजार. एक महिला नवऱ्यासोबत खरेदीला आली होती. तिच्या अंगातल्या कुर्त्यावर अरबी अक्षरांची रंगीत नक्षी होती. ती एका छोट्या हॉटेलात बसलेली असताना कुणीतरी ओरडलं की हिच्या कपड्यावर कुराणातल्या आयती छापल्यात. बघता बघता दाराबाहेर गर्दी जमली. घोषणा सुरू झाल्या. कुर्ता काढ, अशी मागणी झाली. आत ती महिला दोन्ही हातांनी चेहरा झाकून बसली होती.

ज्या देशात ईशनिंदेच्या नुसत्या आरोपावरून जमावाने माणसं मारली आहेत, तिथे ही गर्दी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. सहायक पोलीस अधीक्षक सय्यदा शहरबानो नक्वी तिथे पोहोचल्या, गर्दीसमोर उभं राहून बोलल्या, महिलेला काळ्या वस्त्रात लपेटून बाहेर काढलं आणि गाडीपर्यंत नेलं. तो व्हिडिओ भारतातही भरपूर फिरला.

नंतर धार्मिक जाणकारांनी कुर्ता पाहिला. त्यावर कुराणातलं काहीही नव्हतं. पुन्हा पुन्हा छापलेला शब्द होता 'हलवा'. अरबीत त्याचा अर्थ गोड, सुंदर. तरीही त्या महिलेला कॅमेऱ्यासमोर सांगावं लागलं की डिझाइन आवडलं म्हणून घेतला होता, वाईट हेतू नव्हता. आणि माफीही मागावी लागली.

आपल्याकडचा 'हलवा' याच अरबी कुळातला, फारसीमार्गे मराठीत आलेला. संक्रांतीला नव्या सुनेला आणि बोरन्हाणाला बाळाला हलव्याचे दागिने घालतात, तेव्हा हाच शब्द अंगावर मिरवला जातो. लाहोरमध्येही हलवा घरोघरी खाल्ला जातो. मग गर्दीला तो शब्द वाचता कसा आला नाही?

## अक्षर ओळखता येतं, अर्थ नाही

पाकिस्तानात उर्दू लिहिली जाते ती अरबीवरून आलेल्या लिपीत, पण अरबी भाषा बहुतेकांना येत नाही. लहानपणी कुराण पठण करायला शिकवतात. उच्चार पक्के होतात, अर्थ कळेलच असं नाही. त्यामुळे वळणदार, वेलबुट्टीच्या थाटातली अरबी अक्षरं दिसली की डोक्यात पहिला विचार येतो धर्मग्रंथाचा. अरबी भाषेत बिलं छापतात, चिप्सची पाकिटं छापतात, प्रेमपत्रंही लिहितात, हे लक्षात यायला वेळ लागतो.

महाराष्ट्रात यापेक्षा फार वेगळं नाही. एखाद्या शालीवर संस्कृत श्लोक दिसला तर तो स्तोत्रातला आहे की सुभाषितातला, हे किती जण सांगू शकतील? हात मात्र आधी जोडले जातील.

बरं, फसतात ते फक्त बघणारे असंही नाही. जानेवारी १९९४ मध्ये पॅरिसच्या शनेल या बड्या फॅशन घराण्याने एक ड्रेस रॅम्पवर आणला. मॉडेल होती क्लॉडिया शिफर, डिझाइनर कार्ल लागरफेल्ड. छातीवर मोत्यांनी अरबी ओळी भरलेल्या. त्या ओळी निघाल्या कुराणातल्या. जगभरातून निषेध झाला. लागरफेल्ड यांचं स्पष्टीकरण असं होतं की नक्षी ताजमहालावरच्या एका पुस्तकातून घेतली, ती प्रेमकविता आहे असं वाटलं. ताजमहाल म्हणजे प्रेम, म्हणून त्याच्या भिंतीवर लिहिलेलंही प्रेमाचंच असणार, असा हा हिशोब. प्रत्यक्षात ताजमहालाच्या दरवाजांभोवती संगमरवरात बसवलेला मजकूर कुराणातला आहे, आणि आग्र्याचा कुठलाही गाइड हे सांगतो. शनेलने माफी मागितली आणि ते ड्रेस नष्ट करणार असल्याचं जाहीर केलं.

तीन वर्षांनी, १९९७ मध्ये, नायकी अडकली. बुटाच्या टाचेवर 'एअर' हा इंग्रजी शब्द ज्वाळांच्या आकारात काढला होता. तो अनेक मुस्लिमांना अरबीत लिहिलेल्या 'अल्लाह'सारखा दिसला. इथे तर कुणी अरबी लिहिलंच नव्हतं! पण जागा होती पायातली, आणि पाय लागणं म्हणजे काय हे भारतीय वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. कंपनीने माफी मागितली आणि सुमारे ३८,००० जोड परत मागवले.

सगळ्याच चुका अशा अंगाशी येत नाहीत. ब्रिटनच्या सुपरड्राय या ब्रँडने जपानी अक्षरांवर धंदा उभा केला. त्यांच्या कपड्यांवरची जपानी ओळ जपानी माणूस वाचतो तेव्हा त्याला साधारण 'अत्यंत कोरडेपणा (करा)' असं काहीतरी दिसतं. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमने त्यांचा 'ओसाका ६' लिहिलेला टी-शर्ट घातला आणि ब्रँडचं नाव झालं. जपानी लोक हसतात, बाकीचे विकत घेतात, कुणाचं काही बिघडत नाही. उलट बाजूने जपानी आणि चिनी बाजारातले टी-शर्ट विस्कळीत इंग्रजीने भरलेले असतात, त्यावर इंग्रजी जग हसतं. फिटंफाट.

देवनागरीचं दुखणं जरा वेगळं आहे. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींची सेटिंग चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षराचा पाय मोडून मधे हलन्त येतो. मराठी न येणाऱ्या माणसाने छापलं तर त्याला यातलं काही जाणवतही नाही. 'विठ्ठल' हा एक शब्द सरळ उतरला की समजावं, छापणाऱ्याकडे मराठी वाचणारं कुणीतरी आहे.

## स्वस्तिकाचं काय?

या सगळ्या प्रकरणात सर्वात अवघड चिन्ह हेच. दारातल्या रांगोळीत, लक्ष्मीपूजनाच्या वहीवर, लग्नाच्या पत्रिकेवर, नव्या गाडीच्या बॉनेटवर स्वस्तिक असतं. हिंदू, जैन, बौद्ध तिन्ही परंपरांत ते शुभ आहे. १९२० मध्ये हिटलरच्या पक्षाने ते आपल्या झेंड्यावर घेतलं, जर्मनीत त्याला 'हाकेनक्रॉइझ' म्हणजे आकड्यांचा क्रूस म्हणतात. त्या झेंड्याखाली साठ लाख ज्यूंची हत्या झाली.

सोशल मीडियावर याचं एक ठरलेलं उत्तर फिरतं: 'त्यांचं उलटं आहे, आपलं सरळ.' हे अर्धवट आहे. नाझी चिन्हाच्या भुजाही उजवीकडेच वळतात, आपल्या नेहमीच्या स्वस्तिकासारख्याच. फरक असा की त्यांचं चिन्ह बहुतेक वेळा ४५ अंशांत तिरपं उभं केलेलं, काळं, पांढऱ्या वर्तुळात असतं, आणि आपल्या स्वस्तिकात चार ठिपके असतात. पण बर्लिनच्या रेल्वेत समोर बसलेला माणूस ठिपके मोजत बसणार नाही.

२००७ मध्ये झाराने ब्रिटनमध्ये विकायला ठेवलेल्या एका हँडबॅगवर भरतकामात फुलं, सायकली आणि कोपऱ्यांत हिरवी स्वस्तिकं होती. बॅग भारतात तयार झालेली. ज्या कारागिराच्या हातून ती गेली त्याच्या दृष्टीने कोपऱ्यात स्वस्तिक काढणं म्हणजे वस्तूला शुभ करणं. ग्राहकाची तक्रार आली आणि बॅग मागे घेतली गेली. नमुना पसंत केला तेव्हा ही चिन्हं दिसली नव्हती, असं कंपनीचं म्हणणं होतं.

युरोप-अमेरिकेतही नाझींआधी हे चिन्ह सुदैवाची खूण म्हणून चालायचं. अमेरिकी लष्कराच्या ४५व्या इन्फन्ट्री डिव्हिजनच्या बाहीवर पूर्वी लाल चौकटीत पिवळं स्वस्तिक होतं, तिथल्या मूळनिवासी जमातींच्या सन्मानार्थ. नाझी सत्तेवर आल्यावर ते काढून १९३९ मध्ये त्या जागी 'थंडरबर्ड' हा पुराणातला पक्षी आला. एप्रिल १९४५ मध्ये डाखाऊची छळछावणी मुक्त करणाऱ्या तुकड्यांत हीच डिव्हिजन होती.

झाराकडे परत येऊ, कारण २०१४ मध्ये त्यांनी पुन्हा ठेच खाल्ली. लहान मुलांचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, छातीच्या डाव्या बाजूला पिवळी सहा टोकांची चांदणी. कंपनीच्या मते तो हॉलिवूडच्या जुन्या वेस्टर्न सिनेमांतला शेरीफ होता, आणि चांदणीवर फिकट अक्षरांत 'शेरीफ' लिहिलेलंही होतं. लोकांना दिसली ती छळछावणीतल्या कैद्यांची पट्ट्यांची वर्दी आणि नाझींनी ज्यूंना कपड्यावर सक्तीने शिवायला लावलेला पिवळा तारा. काही तासांत शर्ट वेबसाइटवरून उतरला. एकटी चांदणी चालली असती, एकटे पट्टेही चालले असते. दोन्ही एका कापडावर आले आणि तेही तीन वर्षांच्या मुलाच्या मापात.

आपल्या बाजूचा हिशोबही मांडायला हवा. २००६ मध्ये खारघरमध्ये 'हिटलर्स क्रॉस' नावाचं रेस्टॉरंट उघडलं. २०१२ मध्ये अहमदाबादेत पुरुषांच्या कपड्यांचं दुकान निघालं, नाव 'हिटलर'. खारघरला मुंबईच्या ज्यू समाजाने विरोध केला आणि नाव बदललं गेलं, अहमदाबादची पाटीही पुढे उतरली. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बेने इस्रायली ज्यूंची मायबोली मराठी आहे. म्हणजे ज्यांना ते नाव बोचलं ते लांबचे कुणी परदेशी नव्हते. स्वस्तिकाचा मूळ अर्थ जगाने समजून घ्यावा ही अपेक्षा रास्तच आहे. पण 'हिटलर' म्हणजे फक्त कडक स्वभावाचा माणूस, असं समजून टी-शर्ट छापणं हाही तसलाच अडाणीपणा.

## ४४ नंबरची जर्सी

अर्थ फक्त चित्रात किंवा शब्दात असतो असं नाही. २०२४ च्या युरो स्पर्धेसाठी जर्मनीच्या फुटबॉल संघाची नवी जर्सी आली. एप्रिलमध्ये लोकांच्या लक्षात आलं की ४४ नंबर टाकला तर शेजारी शेजारी आलेले दोन ४ नाझींच्या 'एसएस' दलाच्या दुहेरी विजेच्या चिन्हासारखे दिसतात. जर्मनीत ते चिन्ह मिरवणं गुन्हा आहे.

हे कुणाच्याच नजरेला कसं आलं नाही? कारण साधं आहे. तपासताना ० ते ९ हे आकडे सुटे बघितले गेले, आणि युरोपीय महासंघाकडे मान्यतेला १ ते २६ एवढेच नंबर गेले. संघात खेळाडूच २६. ४४ कुणी घालणारच नव्हतं. पण दुकानातून जर्सी घेणाऱ्या चाहत्याला हवा तो नंबर टाकून मिळत होता. एडिडासने ४४ ची छपाई बंद केली आणि जर्मन फुटबॉल महासंघाने ४ चा आकार बदलायचं ठरवलं.

लॉन्सडेल या ब्रिटिश बॉक्सिंग ब्रँडची गोष्ट याहून विचित्र. त्यांच्या टी-शर्टवर छातीभर नाव असतं. वरून जॅकेट घालून चेन अर्धी उघडी ठेवली की मधली 'एन एस डी ए' एवढीच अक्षरं दिसतात. हिटलरच्या पक्षाचं जर्मन लघुरूप 'एन एस डी ए पी'. जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या नवनाझी पोरांनी हे हेरलं. उघड नाझी चिन्ह घातलं तर पोलीस पकडणार, लॉन्सडेल घातलं तर कोण काय करणार? कंपनीने यात काहीच केलेलं नव्हतं, पण निस्तरावं तिलाच लागलं. अशा दुकानांचा माल तोडला, वंशद्वेषविरोधी कार्यक्रमांना पैसे दिले आणि 'लॉन्सडेलला सगळे रंग आवडतात' अशा अर्थाची मोहीम चालवली.

विम्बल्डन सलग तीनदा जिंकलेल्या फ्रेड पेरीच्या नावाच्या ब्रँडवरही अशीच वेळ आली. त्यांच्या काळ्या-पिवळ्या पोलो शर्टला 'प्राउड बॉइज' या अमेरिकी अतिउजव्या संघटनेने आपला गणवेश करून टाकलं. २०२० मध्ये ब्रँडने तो रंग अमेरिका-कॅनडात विकणं थांबवल्याचं सांगितलं. चांगला खपणारा शर्ट, पण ठेवायचा कसा?

## वाक्य साधं, अंग कुणाचं?

जानेवारी २०१८ मध्ये एचअँडएमच्या वेबसाइटवर एक हिरवी हुडी झळकली. 'कूलेस्ट मंकी इन द जंगल'. घालून उभा होता एक कृष्णवर्णीय छोटा मुलगा.

मराठी घरात आई पोराला लाडाने 'माकडा' म्हणते. स्वीडिश कंपनीतल्या कुणालाही ते तितकंच निरागस वाटलं असेल. पण आफ्रिकी वंशाच्या माणसांना माकड म्हणणं ही गुलामगिरीच्या काळापासूनची शिवी आहे, आणि युरोपातल्या फुटबॉल मैदानांवर आजही कृष्णवर्णीय खेळाडूंना बघून माकडाचे आवाज काढले जातात. गायक द वीकेंडने कंपनीशी संबंध तोडले. दक्षिण आफ्रिकेत आंदोलकांनी दुकानांची मोडतोड केली. कंपनीने माफी मागितली, हुडी मागे घेतली.

हेच वाक्य दुसऱ्या मुलाच्या अंगावर असतं तर कदाचित कुणी वळूनही पाहिलं नसतं. वाक्य तपासलं गेलं, फोटो तपासला गेला, दोन्ही एकत्र कुणी वाचले नाहीत. शेरीफच्या शर्टात झालं तेच.

काही वेळा तर वाचणारं कुणी नसतंच. 'कीप काम अँड कॅरी ऑन' हे ब्रिटिश सरकारने १९३९ मध्ये छापलेलं पोस्टर, तेव्हा जवळजवळ वापरलंच गेलं नाही. २००० मध्ये एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याची प्रत सापडली आणि त्याच्या हजारो नकला निघाल्या. २०१३ मध्ये सॉलिड गोल्ड बॉम्ब नावाची कंपनी ॲमेझॉनवर याच धर्तीचे टी-शर्ट विकत होती. शब्दांच्या यादीतून संगणक आपोआप वाक्यं जुळवायचा आणि प्रत्येकाचं चित्र साइटवर चढवायचा. शर्ट प्रत्यक्षात ऑर्डर आल्यावरच छापायचा. त्या यादीत 'रेप' हा शब्द राहून गेला होता. 'शांत राहा आणि बलात्कार करा' अशा अर्थाचे टी-शर्ट जगाला दिसले. मालकाचं म्हणणं होतं की ते कुणी लिहिलेलं नाही, संगणकाने बनवलं. लोकांनी ते ऐकून घेतलं नाही आणि त्याच वर्षी कंपनी बुडाली. आता एआयने सेकंदात शेकडो डिझाइन निघतात, तेव्हा हे प्रकरण जुनं म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

मेलानिया ट्रम्प यांच्या जॅकेटचा उल्लेख टाळता येत नाही. जून २०१८ मध्ये स्थलांतरितांच्या मुलांना ठेवलेल्या टेक्सासमधल्या केंद्राला भेट द्यायला निघताना त्यांनी झाराचं ३९ डॉलरचं जॅकेट घातलं. पाठीवर लिहिलेलं, 'मला खरंच काही फरक पडत नाही, तुम्हाला पडतो?' प्रवक्त्या म्हणाल्या, छुपा संदेश वगैरे काही नाही, साधं जॅकेट आहे. नवरा म्हणाला, हे खोट्या बातम्या देणाऱ्या माध्यमांसाठी आहे. काही महिन्यांनी त्या स्वतःच म्हणाल्या की हो, संदेश होता, टीकाकारांसाठी. म्हणजे हे प्रकरण या लेखातून बाहेरच जायला हवं.

## कायदा काय म्हणतो?

भारतात सर्वात स्पष्ट नियम तिरंग्याचे. राष्ट्रीय सन्मान अपमान प्रतिबंधक कायदा १९७१ मध्ये आला आणि २००५ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. झेंडा कमरेखालच्या कपड्यावर चालत नाही. अंतर्वस्त्रं, रुमाल, नॅपकिन, उशा आणि ड्रेस मटेरियल यांवर छापता किंवा भरता येत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. झेंड्याचं चित्रही यात 'झेंडा' धरलं जातं. २००७ च्या क्रिकेट विश्वचषकात मंदिरा बेदीने सहभागी देशांच्या झेंड्यांची साडी नेसली होती. भारताचा झेंडा आला खाली, पायाकडे. साडी नेसताना कुठला भाग कुठे जाईल हे निऱ्यांवर ठरतं, पण वाद झाला आणि तिला माफी मागावी लागली. १५ ऑगस्टला तिरंगी ओढणी घेताना अशोकचक्र नेमकं कुठे येतंय, एवढं आधी बघून घेतलेलं बरं.

धार्मिक भावनांसाठी जुन्या दंडसंहितेचं कलम २९५-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं २९९. यात 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने' हे शब्द महत्त्वाचे. नकळत घातलेला टी-शर्ट त्यात बसत नाही. २९५-अ ब्रिटिशांनी १९२७ मध्ये आणलेलं, त्यामुळे पाकिस्तानकडेही ते वारशाने आलं. कायदा हेतू विचारतो. इछरा बाजारातल्या गर्दीने विचारला नव्हता.

क्रिकेटमध्ये हेतू चांगला असूनही चालत नाही. २०१९ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध धोनीच्या ग्लोव्ह्जवर पॅरा स्पेशल फोर्सेसचं 'बलिदान' चिन्ह होतं. तो टेरिटोरियल आर्मीत मानद लेफ्टनंट कर्नल, त्यामुळे त्याच्यासाठी तो अभिमानाचा विषय. आयसीसीने नियम दाखवले आणि चिन्ह काढायला लावलं.

परदेशी निघालेल्यांसाठी एक गोष्ट. बार्बाडोस, जमैका यांसारख्या कॅरेबियन देशांत लष्करी छाप्याचे कपडे सामान्य माणसाला घालायला बंदी आहे. तिथे तो छापा फक्त सैन्याचा. क्रिकेट बघायला जाणाऱ्या टोळीने आपल्या कार्गो पँट घरीच ठेवाव्यात.

## घेण्याआधी काय बघायचं?

फोनवरचं लेन्स किंवा भाषांतराचं ॲप छापील, सरळ अक्षरांवर चांगलं चालतं. सुलेखनावर ते हमखास गोंधळतं, कारण अक्षरं एकमेकांत गुंतलेली असतात. अशा वेळी ती भाषा येणाऱ्या माणसाला फोटो पाठवणं सोपं. फॅशन स्ट्रीटवर किंवा तुळशीबागेत विक्रेत्याला विचारून उपयोग नाही, तो माल गठ्ठ्याने घेतो आणि त्यालाही तितकंच माहीत असतं.

अनोळखी आकडा, दोन अक्षरी लघुरूप, विचित्र क्रूस दिसला तर शोधून बघायला मिनिट लागतं. '८८' हा युरोपात 'हाइल हिटलर'चा सांकेतिक आकडा आहे, कारण एच हे इंग्रजीतलं आठवं अक्षर. १९८८ ला जन्मलेल्या, जर्मनीत शिकायला निघालेल्या मराठी पोराने जन्मवर्ष छापलेला टी-शर्ट घ्यायचाच असेल तर चारही आकडे असलेला घ्यावा.

आणि जॅकेट अर्धं उघडं ठेवून एकदा आरशात बघावं. कंपनीचं नाव मधूनच कापलं गेलं की काय उरतं, ते तिथेच कळतं.